पश्चिमेची पडवी

माझे बूट तिनं पडवीतून उचलले आणि थेट देवळात फेकले. एक खांबाशी पडला, दुसरा घरंगळत पार गाभाऱ्याच्या कठड्यापर्यंत गेला.

मी बघतच राहिले. देवळाबाहेरच्या चपला पळवणारे पुष्कळ पाहिलेत, पण देवळात बूट फेकणारी बाई जन्मात पाहिली नव्हती. बरं, देऊळ तिचंच, म्हणजे चर्च. बूट माझे. आणि मी ते आपल्याकडच्या सवयीनं उंबऱ्याबाहेर, पडवीच्या कोपऱ्यात, जोडीनं नीट काढून ठेवलेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो आजी, हे काय चालवलंय?" मी मराठीतच ओरडले. राग आला की परकी भाषा कुठली सुचायला!

ती तिच्या भाषेत माझ्याहून वरच्या पट्टीत ओरडली. अंगानं काटकुळी, डोक्याला काळा रुमाल, हातात केरसुणी. तेवढ्याशा देहात तो आवाज कुठं मावत होता, देव जाणे. आमची दुभाषी नसरीन, कॉलेजात जुनी ग्रीक शिकलेली पोरगी, आतून पळत आली.

"काय म्हणतेय ही?"

"म्हणतेय, पडवीत बूट ठेवू नको. आत ने. हवं तर आत घालून हिंड."

"आत देवापुढं चालतात, आणि बाहेर पडवीत नाही? उलट्या खोपडीची आहे का ही?"

नसरीननं शहाणपणानं ते भाषांतर केलं नाही. म्हातारी माझ्याकडं पाठ करून गुडघ्यावर बसली आणि बूट होते ती जागा केरसुणीनं नाही, तळहातानं पुसायला लागली.

ही गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची, माझे गुडघे शाबूत होते तेव्हाची. जुन्या इमारती मोजायच्या, दगडन्‌दगड कागदावर उतरवायचा, हा माझा धंदा. साताऱ्याकडची देवळं मोजून हात बसला होता. मग रोमला वर्षभर शिकून आले, आणि तिथल्या ओळखीतून तुर्कस्तानचं बोलावणं आलं. तिथं एका नदीवर खाली धरण झालं होतं, आणि काठची गावं पाण्याखाली जाणार होती. त्यातल्या एका गावात दीड हजार वर्षांपूर्वीचं, बायझंटाईन राज्य अजून नवं होतं त्या काळातलं चर्च होतं. ते बुडायच्या आत मोजून काढायचं, ही आमची कामगिरी.

"धरणग्रस्ताच्या पोरीला दुसऱ्याचं गाव बुडताना बघायला धाडतायत," निघताना मी आईला म्हणाले होते. मला वाटलं, हसेल. ती विळीवर कांदा चिरत होती. मान वर केली नाही.

"त्येंच्या देवाचं काय करनार?"

"नेणार म्हणे म्युझियमात."

"आन बाकीच्यांचं?"

बाकीचे म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. आईच्या अर्ध्या बोलण्याची मला सवय होती. आमचं आंबेघोळ धरणात गेलं तेव्हा मी लहान होते. खाली माळावर पुनर्वसनात घर मिळालं, पुढं नळही आला, पाणी त्याच धरणाचं. आईनं ते कधी तोंडाला लावलं नाही. धुण्याभांड्याला चालायचं, प्यायला मात्र शेजारच्या मळ्यातल्या विहिरीची कळशी. पाहुणे आले, पाऊस आला, कंबर धरली, तरी कळशी चुकली नाही. "सरकारवर राग हाय म्हातारीचा," असं वडील हसून सांगायचे. मीही तेच धरून चालले होते.

तर ही बूट फेकणारी म्हातारी. नाव शमूनी. गाव सगळं सिरियाक ख्रिस्ती लोकांचं, आणि बहुतेक सगळे केव्हाच जर्मनी-स्वीडनला गेलेले. चर्चची किल्ली हिच्या कमरेला. मुलगा जर्मनीत, रोज फोन करून रडायचा. सामान बांधून दाराशी ठेवलेलं. न्यायला गाडी यायची आणि रिकामी परत जायची. अधिकारी येऊन बजावून गेले होते, की या रविवारनंतर गावात कुणी दिसलं तर शिपायांकरवी उचलून नेऊ. शमूनी सगळ्यांना एकच सांगायची.

"माझं एक काम राहिलंय. ते झाल्याशिवाय हलणार नाही."

कुठलं काम, ते मात्र विचारलं की तोंडाला कुलूप.

आता हे चर्च समजायचं तर पश्चिमेकडून चालत यायला हवं. आपल्याकडं देव उगवतीकडं तोंड करून बसतो. तिथं माणसं उगवतीकडं तोंड करून उभी राहतात. मावळतीची बाजू काळोखाची, सैतानाची. म्हणून मोठं दार पश्चिमेला, काळोखाकडं पाठ करून आत शिरायचं. पायाखालची फरशी म्हणजे समुद्र आणि धरती. नखाएवढ्या रंगीत दगडांच्या मोझेकचे मासे, बदकं, द्राक्षाचे वेल. पुढं मोरांची जोडी, मोर म्हणजे न मरणारा जीव. त्याच्या पुढं स्वर्गातल्या चार नद्या, आणि मग अर्धगोल गाभारा. डोक्यावर घुमट, तो आकाश. घुमट अर्धा कधीच ढासळला होता, त्यामुळं अर्धं आकाश बांधलेलं आणि अर्धं खरं. पाकोळ्या खऱ्यातून यायच्या आणि बांधलेल्यात घरटी करायच्या.

दक्षिणेला लागून एक खोली होती. तिच्या मधोमध जमिनीत खोदलेलं दगडी कुंड, क्रुसाच्या आकाराचं, आता कोरडं. पश्चिमेकडून पायऱ्या उतरत होत्या आणि पूर्वेकडून चढत होत्या.

"उतरणं म्हणजे मरण," नसरीन म्हणाली. "वर येणं म्हणजे जन्म. या पाण्यातून वर आला की त्याला नाव मिळायचं. मग तो आतला."

"आणि तोवर?"

"तोवर पडवीत. मुख्य प्रार्थना सुरू होताना आरोळी द्यायचे, दारं लावा, दारं लावा. ज्यांना हे पाणी लागलेलं नाही ते सगळे बाहेर. पडवी ही त्यांची हद्द."

"आमच्याकडं पण पायरीवर थांबवलेली माणसं होती," मी म्हणाले. पोरगी गुणी होती. मला 'शालन अबला' म्हणायची. अबला म्हणजे त्यांच्यात थोरली बहीण. आमच्यात त्याचा अर्थ काय होतो ते सांगितल्यावर इतकी हसली, की हातातली मोजपट्टी कुंडात पडली.

आतलं काम झरझर होत होतं. घोडं पेंड खात होतं ते पडवीशी. शमूनी तिथं कुणाला पाऊल ठेवू देईना. ती स्वतः सुद्धा बाजूच्या लहान दारानं ये-जा करायची. पडवीशिवाय नकाशा म्हणजे उंबऱ्याशिवाय घर. मी रोज जाऊन तिच्यासमोर उभी राहायचे, ती रोज केरसुणी आडवी धरायची. शेवटी एका सकाळी मी काही न बोलता बूट-मोजे काढले, आत नेऊन मोरांच्या शेजारी ठेवले आणि अनवाणी पडवीच्या कडेशी येऊन बसले. तिनं माझ्या टाचा बघितल्या. भेगाळलेल्या, आमच्या माळावरच्या. मग स्वतःच्या बघितल्या. फरक नव्हता.

"अनवाणी यायचं," नसरीनतर्फे निरोप मिळाला. "खिळे ठोकायचे नाहीत. मोठ्यानं बोलायचं नाही."

मला वाटलं, जिंकले. कसलं काय! पहिल्याच दुपारी ओळंबा सोडला तर तो थांबेना. भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला टांगलेलं पितळी वजन ते. चार हेलकावे खाऊन गप उभं राहायचं त्याचं काम. देवळात उभं राहत होतं. पडवीत आणलं की बारीक बारीक हलत राहायचं, पाळण्याची दोरी कुणीतरी सवयीनं हलवत बसावं तसं.

"वारा असेल," नसरीन म्हणाली.

वारा नव्हता. बाहेर अंजिराचं पान हलत नव्हतं. आणि अंगावर कुणाची तरी नजर आहे असं सारखं वाटायचं, तेही वरून नाही, खालून. मी भित्री नाही. स्मशानातल्या समाध्या मोजल्यात मी, डबा खात खात. पण त्या पडवीत माझ्या मानेवर काटा यायचा आणि जायचाच नाही. उंबऱ्यावर बसून शमूनी काहीतरी गुणगुणत असायची. भाषा कळत नव्हती, चाल कळत होती. कुठल्याही बाईला कळली असती.

पडवीची फरशी आतल्यासारखी नव्हती. साधे, ओबडधोबड, लहान दगड. मला वाटलं, मागाहून कुणी डागडुजी केली असावी. पण कागदावर उतरवत गेले तसं ध्यानात यायला लागलं, की सगळे एकाच दिशेला लावलेत, आणि माप जवळजवळ एकच. दर वेळी पट्टी लावायचा कंटाळा आला म्हणून मी हात लावून बघितला. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. शेजारचा लावला. तेवढाच. त्याच्या शेजारचा थोडा लांडा.

पेन्सिल थांबली. हे माप मला ठाऊक होतं. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी असं कोपरापासून पंजापर्यंत धरून माझे वडील मागल्या दारानं ओढ्याकडं गेले होते. शेजारच्या काकूनं मला आत ओढून माझ्या डोळ्यांवर हात धरला होता. तिच्या बोटांच्या फटीतून मी ते माप बघितलं होतं, आणि मग एवढ्या वर्षांत ते एकदाही आठवलं नव्हतं.

मी ताडकन उठले. उठले खरी, पण पाय कुठं ठेवायचा ते कळेना. सगळीकडं तेच.

"बेबेक," उंबऱ्यावरून शमूनी म्हणाली. बाळ म्हणत होती, त्याला दुभाषी लागला नाही.

मग नसरीनला बोलावलं, आणि शमूनी पहिल्यांदा सरळ बोलली. नसरीन इंग्रजीत सांगत होती, पण मला ते आमच्या गावाकडच्या बाईनं सांगावं तसंच ऐकू येत होतं.

"माझा पहिला मुलगा. हिवाळ्यात झाला. बर्फानं वाट बंद, पुजारी दूर तालुक्याला. वाट उघडायच्या आत लेकरू गेलं. पाणी लागलं नाही, म्हणून नाव नाही. नाव नाही, म्हणून कबरस्तानात जागा नाही, देवळात तर नाहीच. मग आमच्या गावात अशांना इथं ठेवायची रीत आहे. कधीपासून, कुणाला ठाऊक नाही. निदान डोक्यावर छप्पर. निदान आतली प्रार्थना कानावर पडते."

"आणि तुमचं काम?" मी विचारलं.

"त्याला आत न्यायचंय. दुसरं काय?"

तिनं सगळीकडं डोकं आपटून झालं होतं. पुजाऱ्यानं सांगितलं, मेलेल्याला कुंडात उतरवता येत नाही, देवाचा नियम आहे. अधिकाऱ्यानं सांगितलं, कबरस्तानातल्या कबरी हलवू, पडवी ही काही कबरस्तान नव्हे. गाभाऱ्याखालच्या दगडी पेटीतली संतांची हाडं मात्र आदल्याच आठवड्यात मखमलीत गुंडाळून म्युझियमात गेली होती. मीच त्या पेटीचं चित्र काढलं होतं.

"मग रात्री-अपरात्री स्वतःच उकरून न्यायचं," नसरीन हळूच म्हणाली. "दगड कुठला ते तिला माहीत असणारच."

शमूनीनं तिच्याकडं असं बघितलं, की पोरीनं मान खाली घातली.

"त्यात काय अवघड आहे? कुदळ आहे घरात. पण एकाला उचललं तर बाकीच्यांनी काय करायचं? त्यांच्या आया कुठं आहेत आता? इतकी वर्षं मीच झाडते, मीच निजवते. बाकीच्यांना काय सांगू?"

बाकीच्यांना. मी तिथून भिंतीमागं गेले आणि अंगावर पदर नव्हता म्हणून तोंडात शर्टाची बाही कोंबून रडले. आंबेघोळ उठलं तो दिवस सगळाच्या सगळा समोर आला. देव पालखीत, पुढं हलगी. घरांच्या चौकटी, जाती, उखळ, सगळं ट्रकमध्ये. तुळशीखालची माती सुद्धा घेतली होती लोकांनी. आणि आई थोरल्या चुलत्यांच्या पुढं हात जोडून उभी. ओढ्याकाठच्या करंजाखालची मूठभर माती आणू द्या, एवढंच मागत होती. "नाव न्हाय त्येचं काय न्ह्यायचं?" चुलते म्हणाले. माझ्या पाठची, बाराव्या दिवसाच्या आत गेलेली पोर ती. बारसं नाही, म्हणून नाव नाही. आपल्यात तान्ह्याला जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरलेलं तिथंच राहतं. ट्रकमध्ये आई मागं तोंड करून बसली होती. आणि मी मूर्ख बाई, एवढी शिकलेली, तिची विहिरीची कळशी बघून सरकारवरचा राग समजत होते.

दुसऱ्या दिवशी शमूनी स्वतः माझ्याकडं आली.

"तू मोजतेस ना सगळं? मग सांग, पाणी कुठल्या बाजूनं येणार?"

खरं तर ते मी बघितलंच नव्हतं. मी लेव्हल लावली, नसरीनला उभी पट्टी घेऊन नदीपासून गाभाऱ्यापर्यंत ठिकठिकाणी उभं केलं, आणि दुर्बिणीतून एकेक जागा किती उंच, किती खोल ते काढलं. शमूनी पाठीशी उभी. दर वेळी मी डोळा काढला की तिचा चेहरा दिसायचा. उत्तर दुपारपर्यंत आलं, आणि मला ते तिला सांगवेना.

"सांग," ती म्हणाली.

"नदीकडून येणार. पश्चिमेकडून. पडवी सगळ्यात खाली आहे. म्हणून पहिलं पाणी पडवीत. मग उंबरा चढून आत. मासे, मोर, मग नद्या. गाभारा सगळ्यात शेवटी."

"कशाला सांगितलंस?" नसरीन माझ्यावर फिस्कारली. "म्हणजे तिचीच पोरं पहिली बुडणार!" पण तिनं भाषांतर केलं, कारण म्हातारीनं तिचं मनगट धरून ठेवलं होतं.

शमूनी पडवीकडं बघत राहिली, मग नदीकडं. मग एकाएकी तिनं माझा हात पकडला आणि मला ओढत दक्षिणेच्या खोलीत नेलं. कुंडाच्या पश्चिमेच्या पायऱ्यांवर तिनं स्वतः पाय टाकला. मी तिला सावरत मागून उतरले. खाली वाळकी पानं साचली होती. ती क्षणभर तिथं बसली, पानं मुठीत घेऊन सोडून दिली. मग उठून पूर्वेच्या पायऱ्या चढली. वर पोचेस्तोवर तिला धाप लागली होती, आणि ती हसत होती. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

"पुजारी म्हणतो, त्यांना कुंडाकडं आणता येत नाही," ती धापा टाकत म्हणाली. "अगं वेडे, मग कुंडच त्यांच्याकडं येतंय की! पश्चिमेकडून. तूच तर मोजलंस."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, पण तो पडवीतला काटा नव्हता.

मग शमूनीचं हसू उतरलं. "आणि नाव? पाणी लागेल. नाव कोण ठेवणार एवढ्यांची?"

तिनं आम्हाला मोठ्या दाराशी नेलं. उंबऱ्याच्या आत, मोझेकमध्येच, काळ्या तुकड्यांच्या चौकटीत ग्रीक अक्षरं होती. अक्षरांचं तोंड पडवीकडं होतं, बाहेर उभं राहणाऱ्याला वाचता यावं असं. मी ती जशीच्या तशी नकाशात उतरवली होती, अर्थ न विचारता.

"लहानपणापासून पुसत आलेय," शमूनी म्हणाली. "कुणी म्हणायचं, राजाचं नाव आहे. तुला येतं ना वाचता?"

नसरीन गुडघे टेकून बसली, अक्षरांवरून बोट फिरवत गेली, आणि परत पहिल्या अक्षराशी आली.

"अगं, वाच की!" शमूनीनं तिला ढोसलं.

"लिहिलंय, हे त्यांच्यासाठी, ज्यांची नावं देवाला ठाऊक आहेत."

शमूनीनं तोंडावर हात धरला. नसरीन माझ्याकडं वळून इंग्रजीत कुजबुजली, "हे फरशीला दान देणाऱ्यांबद्दल असतं, अबला. ज्यांना नाव मिरवायचं नसतं ते असं लिहवून घेतात. बऱ्याच चर्चमध्ये सापडतं. तिला सांगायला हवं का..." मी तिला असा चिमटा काढला, की दंडावर वळ उठला असेल. ती बोलायची थांबली.

शनिवारी गाडी आली. शमूनी सामान घेऊन आधीच तयार होती. मी पेटी भरत होते.

"दोरी दे," तिनं खूण केली. माझ्याकडं होती ती ओळंब्याचीच, मजबूत सुताची. मी वजन सोडवलं आणि दोरी दिली. तिनं पश्चिमेच्या दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत मागं सारली आणि कड्यांना दोरी ओवून करकचून बांधली. गाठ मी मारून दिली. आता पाण्यानं ढकललं तरी दार लागणार नव्हतं. किल्ली तिनं उंबऱ्यावर ठेवून दिली.

मग तिनं बूट काढून हातात घेतले. झाडताना ती गुडघ्यांवर सरकायची; इतक्या दिवसांत तिला पडवीवरून चालताना मी बघितलं नव्हतं. ती अनवाणी, हळूहळू, झोपलेल्यांच्या मधून जावं तशी निघाली. एका दगडाशी थांबली, वाकली, काहीतरी बोलली, आणि परत मागं वळून न बघता गाडीत जाऊन बसली. मी मात्र पितळी वजन पेटीत टाकलं आणि कुलूप लावलं. ते आता तिथं थांबेल की हलेल, हे बघायची माझी छाती झाली नाही.

घरी आले त्या दिवशी आई पावटे सोलत होती. मी शेजारी बसून सोलता सोलता सगळं सांगितलं. बूट, दगड, कुंड, अक्षरं. करंजाचं नाव काढलं नाही. तिनं एकदाही मधे तोंड घातलं नाही, हेच नवल. संपल्यावर म्हणाली,

"पानी आलं का मग?"

"आलं. नसरीनचा फोन आला होता. पहिल्या दिवशी नुसतं पडवीत उभं होतं म्हणे. नितळ."

"आन दारं उघडी ठिवली व्हती?"

"बांधून ठेवली होती, आई. गाठ मी मारली."

तिनं सोललेल्या पावट्यांचं सूप उचललं आणि आत गेली. मला वाटलं, झालं, विषय संपला. पण निजायला जाताना स्वयंपाकघरात पातेल्यात हरभरे भिजत घातलेले दिसले. आमच्याकडं हरभऱ्याच्या घुगऱ्या बारशाला करतात.

सकाळी ती नवं लुगडं नेसून, घुगऱ्यांचा डबा घेऊन दारात उभी. "चल," एवढंच म्हणाली. एसटीनं धरणाच्या फुगवट्यापर्यंत गेलो, तिथून पायी. आंबेघोळ कुठं होतं ते डोंगराच्या खुणेवरून तिला अचूक माहीत होतं. ओढाही माहीत होता. काठावर तिनं चपला काढल्या. मी काढल्या. मग ती लुगड्याचा काचा मारून गुडघाभर पाण्यात गेली आणि मला हाक मारली.

"ये. थोरली हायेस तू तिची."

तिनं मूठमूठ घुगऱ्या पाण्यात सोडल्या. मग खाली वाकली, इतकी की ओठ पाण्याला टेकले, दोन्ही हातांचा आडोसा केला आणि पाण्याच्या कानात सांगितलं. "कुर्रर्र" तेवढं मला ऐकू आलं. पुढचं आलं नाही. बारशाला नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका थापा मारतात, तशी मी आईच्या पाठीत एक थाप मारली.

ती सरळ झाली. हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"काय ठेवलंस नाव?" मी विचारलं.

"तिला कळलं न्हवं? मग तुला काय करायचंय?"

मग तिनं वाकून ओंजळ भरली आणि प्यायली. पुन्हा भरली, आणि माझ्या तोंडापुढं धरली.